घरच्या घरी कटिंग करायला मशीन घ्यावं का? घरात तीन डोकी आहेत

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी, या विषयावर आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण केसगळती आणि कांद्याचा रस याशिवाय काही हाताला लागलं नाही.

तर आम्ही लालबागला राहतो, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं जिना उतरणं बंदच आहे, डॉक्टरकडे न्यायचं तरी खुर्चीत बसवून दोघांनी उचलून न्यावं लागतं. आधी कोपऱ्यावरच्या सलूनमधले काका घरी येऊन कटिंग करून जायचे, ते आता गावी गेले कायमचे आणि त्यांचा मुलगा दुकान बघतो तो म्हणतो रविवारी गिऱ्हाईक सोडून कसा येऊ, त्याचंही खरंच आहे म्हणा. पण बाबांचे केस मानेवर आले की त्यांना घाम येतो, घामोळं उठतं, मग दिवसभर चिडचिड, ती आम्हालाच ऐकावी लागते.

दुसरं डोकं म्हणजे आमचे चिरंजीव, वय वर्षं सहा. खुर्चीवर फळी टाकून बसवलं आणि मशीन कानाजवळ आलं की सलून डोक्यावर घेतो. तिसरं नवऱ्याचं, त्याच्या डोक्यावर तसं फार काही उरलेलं नाही, तो म्हणतो सरसकट मशीन मार, त्यासाठी दर महिन्याला दीडशे रुपये कशाला द्यायचे.

तर प्रश्न असा की मशीन घेतलं तर मला जमेल का, मी आजपर्यंत फक्त धागे कापलेत. कुठलं घ्यायचं, ट्रिमर की काय ते दुसरं असतं ते? बजेट दोन हजारांच्या आतबाहेर. गणपतीत गावाला जायचंय, तिथे पोराकडे बघून सगळे हसायला नकोत एवढीच अपेक्षा. कंपनीची नावं सांगितलीत तरी चालेल पण त्याहून कसं कापायचं ते सांगा.

---

मुलुंड_फास्ट

ताई बिनधास्त घ्या. आमच्याकडे 2020 च्या लॉकडाऊनपासून घरीच चालू आहे, तेव्हा मार्चपासून सगळी सलून बंद होती आणि 28 जूनला उघडली तेव्हाही कटिंगला परवानगी होती पण दाढीला नव्हती, आठवत असेल. मग 2021 च्या एप्रिलमध्ये परत शटर खाली. त्या काळात अर्ध्या मुंबईने मशीन घेतलं असेल, त्यातली बरीचशी आता माळ्यावर पडलीयत हा भाग वेगळा.

पहिली गोष्ट, दुकानदार सगळ्यालाच ट्रिमर म्हणतो त्यामुळे घोळ होतो. दाढीचा ट्रिमर असतो त्याचं पातं अरुंद आणि मोटर हलकी, दाट केसात घातला की अडकतो आणि केस कापायच्या ऐवजी उपटतो. डोक्यासाठी जे मशीन मिळतं, बॉक्सवर हेअर क्लिपर लिहिलेलं असतं, त्याचं पातं रुंद असतं, साधारण 40-45 मिलिमीटर, आणि ते एका फेरीत नीट कापतं. तेच घ्या. वायरवालं घेतलं तर ताकद एकसारखी राहते, चार्जिंगचं घेतलं तर हात मोकळा फिरतो पण अर्ध्या डोक्यावर चार्जिंग संपलं तर उरलेलं डोकं घेऊन बसा. चार्जिंगचं घ्यायचंच तर वायर लावूनही चालतं असं बघून घ्या, सगळी तशी चालत नाहीत.

आता नंबर. सलूनवाला विचारतो ना बाजूला दोन मारू का तीन, तो नंबर म्हणजे पात्यावर लावायच्या प्लास्टिकच्या कंगव्याचा. एक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, तीन म्हणजे साडेनऊ-दहा, चार म्हणजे 13 च्या आसपास. हल्ली काही मशीनवर नंबर नसतो, थेट मिलिमीटर छापलेले असतात, तिथे 2 म्हणजे दोन मिलिमीटर. दोन नंबर समजून दोन मिलिमीटर लावलंत तर पोराची मुंज झाली असं गावाला सांगावं लागेल. त्यामुळे आधी बॉक्स उघडून नीट वाचा.

कापताना केस कोरडे पाहिजेत, तेल अजिबात नको, आदल्या दिवशी शॅम्पू केला तर उत्तम. सुरुवात नेहमी मोठ्या कंगव्याने करायची, चार किंवा त्याहून मोठा लावून सगळ्या डोक्यावरून एकदा फिरवा, मग बाजू आणि मागचा भाग तीनने. केस ज्या दिशेला वाढतात त्याच्या उलट दिशेने मशीन न्यायचं, आणि केस सगळीकडे एकाच दिशेने वाढत नाहीत म्हणून एकाच जागेवरून सरळ, तिरकं, आडवं असं दोनतीनदा न्यायचं. घाई केली की मध्ये मध्ये पट्टे राहतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. मानेपासून वर जाताना कवटी जिथे आत वळायला लागते तिथे मशीन हळूच बाहेरच्या बाजूला उचलायचं. डोक्याला चिकटवून तसंच वर नेलं की छोटे केस आणि मोठे केस यांच्यात जिना पडतो, सरळ पायरी दिसते. ती पायरी घालवायला मधला नंबर लावून फक्त त्या पट्ट्यावरून हलके हलके झटके देत जायचं. हे दोनचार वेळा केलं की हाताला कळतं.

कानाजवळ कान पुढे दुमडून धरायचा. शेवटी कंगवा काढून मशीन उलटं धरून मानेवरची रेघ मारायची, आणि ती खालीच ठेवायची, सरळ दिसत नाही म्हणून वर वर नेत गेलात तर रेघ पार मधोमध येते. नवऱ्याच्या डोक्यावर आधी हात बसवा, पोराच्या नको. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात त्यामुळे काय बिघडलं तर दोन आठवड्यात झाकलं जातं.

पात्याला दर वेळी एक-दोन थेंब तेल. सोबत छोटी बाटली येते, ती संपली की शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल घालू नका, चिकट होतं आणि बारीक केस धरून बसतं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात काय गंजत नाही, त्यामुळे पातं पुसून कोरडं करून ठेवा, बाथरूममध्ये ठेवू नका.

---

दोन_भोवरे

वरती सगळं बरोबर लिहिलंय पण सहा वर्षांचं पोर म्हणजे डोकं नव्हे, ते हलतं 😀 त्याबद्दल मी लिहिते.

माझ्या मुलाला दोन भोवरे आहेत (हो हो, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, सगळ्या आत्या-मावश्यांनी सांगून झालंय) त्यामुळे सलूनमध्ये गेला की भोवऱ्याजवळचे केस हमखास उभे राहायचे. भोवऱ्याजवळ केस गोल गोल वाढतात, तिथे बाकीच्यासारखंच बारीक केलं तर टोकं वर येतात. तिथे एक नंबर मोठा ठेवायचा किंवा ती जागा सोडून द्यायची आणि नंतर कात्रीने टोकं घ्यायची, आणि आधी भोवरा कुठल्या बाजूला फिरतो ते केस ओले करून एकदा बघून ठेवायचं.

आवाजाची भीती असेल तर मशीन आणल्याबरोबर डोक्याला लावू नकोस. चार दिवस नुसतं चालू करून त्याच्या हातात दे, पात्यावर मोठा कंगवा लावून, बाबाच्या हातावर फिरवू दे, बाहुलीवर फिरवू दे. माझ्याकडे तर आधी त्याने आजोबांच्या पायावर फिरवून घेतलं, मग भीती गेली. पहिल्या दिवशी नुसतं मागचं कापलंस आणि कंटाळला तर तिथेच थांब, पुढचं उद्या. घरी कापायचा हाच तर फायदा, कोणी मागे नंबर लावून बसलेलं नाही.

मोबाईल द्यायचा, त्यात लाज नाही. पण कुठे ठेवायचा ते महत्त्वाचं. मागचं कापताना मोबाईल मांडीवर ठेव म्हणजे मान आपोआप खाली जाते, आणि पुढचं आणि बाजूचं कापताना समोर डोळ्यांच्या उंचीवर, आमच्याकडे खिडकीच्या ग्रिलला टेकवून ठेवतो. मांडीवरच राहिला आणि तू बाजू कापायला घेतलीस तर मान वाकडी राहते, उठल्यावर बघशील तर एक कल्ला वर एक खाली.

पुढचे केस कात्रीने घे. थोडे ओले कर, पण लक्षात ठेव ओले केस ताणले जातात आणि लांब दिसतात, वाळले की वर जातात, कुरळे असतील तर अजूनच. म्हणून कपाळावर भुवईपर्यंत पाहिजेत असं वाटलं तर ओले असताना बोटभर खाली ठेवायचे. दोन बोटांत केस सैल धरून कात्री आडवी नाही, उभी धरून टोकांत थोडं थोडं घ्यायचं. आडवी एका झटक्यात मारलीस तर वाटी ठेवून कापलेले दिसतात.

कात्री वेगळी घे, साडेपाच-सहा इंचाची केसांची मिळते. किचनमधली किंवा कागदाची कात्री केस कापत नाही, केस पात्यावरून सरकतात आणि मग उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. आणि एकदा आणलीस की लपवून ठेव, नाहीतर घरातले दुधाची पिशवी त्यानेच कापतात.

अंगावर टाकायला सुती ओढणी किंवा टॉवेल नको, केस त्यात रुततात आणि आठवडाभर टोचतात. जुनी नायलॉनची साडी असेल तर ती, झटकली की मोकळी. मानेभोवती आधी पावडर लावून घे. पंखा बंद ठेवावा लागतो, तेवढं सहन करायचं, म्हणून मी सकाळी लवकर करते, मे महिन्यात दुपारी केलंस तर दोघंही घामाने निथळाल आणि केस घामाला चिकटून बसतात. आणि मोरीत करणार असशील तर आधी केस झाडूने कागदावर गोळा कर, मग पाणी सोड, जाळी तुंबली की जुन्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावाले वर येतात.

सासूबाई आहेत का घरात? आमच्याकडे पहिला विरोध तिथूनच झाला, घरात केस कापायचे नाहीत, दिवेलागणीला तर नाहीच, शनिवारी नको, अमावस्येला नको, वाराच्या दिवशी नको. सोमवारी सलूनच बंद. जावळ तेवढं घरात चाललं, मामाच्या मांडीवर बसवून, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

---

ठाणे_लोकल

बिनपाण्याने हजामत घरी रोज होतेच आहे, त्यासाठी वेगळं मशीन कशाला 😂

---

दोन_भोवरे

@ठाणे_लोकल वहिनींना हा धागा दाखवा, पाण्याने पण होईल.

---

मुलुंड_फास्ट

😂😂 मुद्द्यावर येऊ. एकंदरीत दीडशे रुपये दर महिन्याला म्हणजे वर्षाचे अठराशे, मशीनचे पैसे एका माणसातच निघतात. साध्या कटिंगसाठी न्हाव्याची गरज राहिली नाहीये हल्ली खरं तर.

---

कात्रीवाला

बराच वेळ वाचत होतो, आता शेवटच्या वाक्यावर लिहावंच लागेल. आमचं गिरगावात आजोबांपासून सलून आहे, मी स्वतः बँकेत नोकरी करतो पण सुट्टीत दुकानात बसलोय, खुर्चीमागे उभा राहून वाढलोय. त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

मुलुंडवाले दादांनी मशीनचं जे लिहिलंय ते चोख आहे, एखाद्या नव्या पोराला शिकवताना आम्हीही असंच सांगू. मुलाचं आणि मिस्टरांचं घरी करा ताई, काहीच हरकत नाही. पण तुमच्या सासऱ्यांचं वेगळं आहे. म्हाताऱ्या माणसाचे केस पातळ आणि मऊ झालेले असतात, त्यावर मशीन फिरवलं की मधूनच कातडी दिसते, ठिगळं दिसतात. त्यांना कात्री-कंगवाच लागतो. कंगव्याने केस उचलायचे आणि कंगव्याच्या वर जेवढे येतात तेवढेच कापायचे, कंगवा वर सरकत राहतो आणि कात्री त्याच्याबरोबर चालत राहते. कात्रीचं एक पातं स्थिर असतं, फक्त अंगठ्याचं पातं हलतं. दोन्ही पाती हलायला लागली की कंगव्यावरची लेव्हल गेली. मोकळ्या हवेत नुसता अंगठा हलवायची सवय करून बघा, किती अवघड आहे ते कळेल, नव्या पोराचे त्यात महिने जातात.

म्हणून माझं मत, त्यांच्यासाठी माणूस घरीच बोलवा. काकांच्या मुलाला तुम्ही रविवारचं विचारलंत तिथेच गणित चुकलं. शनिवार-रविवारी कोणीही खुर्ची सोडणार नाही. मंगळवार ते गुरुवार सकाळी अकरा ते एक आमच्याकडे माशा मारत बसलेले असतात. तेव्हा विचारा. आणि दुकानातला रेट देऊ नका, तीन मजले चढून येणार, सामान बांधून आणणार, तेवढ्या वेळात एखादं गिऱ्हाईक परत जाणार, दुप्पट द्या आणि चहा द्या, तो दर महिन्याला न बोलावता येईल. येताना त्याला सांगा की कापड आणि ब्लेड आमच्याकडचं वापर, वाईट वाटून घेत नाही कोणी.

एक अजून, बाबांसारख्या माणसाला कटिंग म्हणजे नुसते केस नसतात. घरात बसलेल्या माणसाकडे बाहेरचं कोणीतरी येतं, अर्धा तास गप्पा मारतं, कोणाच्या पोरीचं लग्न झालं, कोणत्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट अडकलं ते सांगतं. सुनेने कापले तर सून काय नवीन सांगणार, ती तर घरातच आहे.

आणि न्हाव्याची गरज राहिली नाही म्हणणाऱ्यांसाठी, 1890 साली याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता, संप केला होता. ज्याच्यावर पोट चालायचं तेच काम नाकारलं. आमच्या आजोबांनी हे मला दुकानात वस्तऱ्याला धार लावता लावता सांगितलं होतं, तेव्हा ते शाळेच्या पुस्तकात नव्हतं. असो, विषय तो नाही, पण निघाला म्हणून लिहिलं.

सामान घ्यायचं तर ऑनलाइन घेण्यापेक्षा क्रॉफर्ड मार्केटला जा, आजूबाजूच्या गल्ल्यांत सलूनच्या सामानाची होलसेल दुकानं आहेत, हातात धरून वजन बघता येतं. मशीन फार जड असेल तर पोराच्या डोक्यावर मनगट दुखतं. कात्री मेरठची घ्या, चांगल्या मिळतात, स्वस्तातल्याही चालतील तुम्हाला. फक्त ती कात्री खाली सायकलवर धारवाला येतो त्याला देऊ नका, तो विळीची धार लावतो तशीच लावणार आणि कात्री कायमची गेली.

---

मुलुंड_फास्ट

@कात्रीवाला गरज नाही हे साध्या मशीन कटिंगपुरतं म्हटलं होतं दादा, राग नसावा. म्हाताऱ्या माणसांबद्दलचं पटलं. आमच्या वडिलांचेही मी कापतो पण त्यांचे केस अजून दाट आहेत म्हणून चालून जातं बहुतेक. लोखंडेंचं मात्र माहीत नव्हतं, ते गिरणी कामगारांचे पुढारी म्हणूनच वाचले होते.

---

तिसरा_मजला

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मंगळवार-बुधवारचं डोक्यातच आलं नव्हतं, आज दूध आणायला गेले तेव्हा विचारलं त्याला, बुधवारी बारा वाजता येतो म्हणाला. पैशाचं मीच आधी बोलले, तो बघतच राहिला.

पण एक शंका. दोन कटिंगच्या मधे मानेवरचे आणि कानावरचे केस वाढतात तेवढे मी मशीनने काढू शकते ना? बाबांना शुगर आहे आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. कानामागे एक चामखीळ पण आहे. याआधीच्या काकांना ती पाठ होती, या नवीन मुलाला सांगावं लागेल.

---

नाईट_ड्युटी

मी नर्स आहे, वॉर्डमध्ये पेशंटचे केस आणि दाढी हे आमच्या रोजच्या कामातलंच, म्हणून लिहिते.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ब्लेड आणि वस्तरा नकोच, घरी पण नको आणि तो मुलगा आला तरी नको. मानेची रेघ वस्तऱ्याने मारायची सवय असते त्यांची, आधीच सांगून ठेवा. मशीन चालेल पण उघडं पातं कातडीवर दाबून फिरवू नका, छोट्यातला छोटा कंगवा लावूनच. या वयात कानामागची आणि मानेची कातडी पातळ झालेली असते, सैल असते, ती पात्यात ओढली जाते. दुसऱ्या हाताने कातडी हलकीच ताणून धरायची आणि मग मशीन न्यायचं. गरम झालंय का ते आपल्या मनगटावर टेकवून बघत जा मधेमधे, शुगरवाल्यांना चटका पटकन जाणवेलच असं नाही.

चामखीळ असेल तिथे आधी बोट ठेवायचं, बोटाच्या बाजूबाजूने कापायचं, बोट हलवायचं नाही. काही जणांनी तिथे पेनाने गोल करून ठेवलेलं मी बघितलंय, वाईट कल्पना नाही. ती चामखीळ वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा सारखं रक्त येत असेल तर डॉक्टरला दाखवा, ते केसांच्या आधी.

लागलंच चुकून तर स्वच्छ कापड किंवा गॉज घेऊन सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधे मधे उचलून बघायचं नाही, सगळे तेच करतात. तुरटी वगैरे चोळत बसू नका. दहा मिनिटांनीही थांबलं नाही तर परत दाबा आणि डॉक्टरांना फोन करा.

बसवायचं हातवाल्या खुर्चीत, ज्यात ते नेहमी बसतात त्याच. स्टूल नको, प्लास्टिकची हलणारी खुर्ची नको. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, गुडघा फार दुमडलेला नको. मान फार वेळ खाली घालून ठेवायला लावू नका, उठताना चक्कर येते, दोन दोन मिनिटांनी वर बघायला सांगा. आणि कटिंग झाल्यावर ते जे मानेला झटका देऊन कडकड आवाज काढतात ना, तो प्रकार कोणाच्याच मानेवर करू देऊ नका, म्हाताऱ्या माणसाच्या तर मुळीच नाही. मालिश हवी असेल तर डोक्याला हलकी चंपी ठीक आहे.

तिघांना एकच मशीन वापरणार असाल तर प्लास्टिकचे कंगवे साबणाने धुवून पूर्ण वाळवायचे आणि पातं ब्रशने झाडून स्पिरिटने पुसायचं, मग तेल. कोणाच्या डोक्यात नायटा, गजकर्ण असं काही दिसलं, गोल चट्टा, केस तुटलेले, खाज, तर ते मशीन दुसऱ्याला लावायचंच नाही. मुलांना ते पटकन होतं आणि डोक्यातलं नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून औषध लागतं.

---

कात्रीवाला

@नाईट_ड्युटी मान मोडण्याबद्दल एकदम बरोबर. आमच्याकडे वडिलांनी ते दुकानात बंद केलं, जुनी गिऱ्हाईकं अजून मागतात आणि रुसतात.

---

चिंचपोकळी_ब्रिज

सगळं पुरुषांचंच चाललंय, म्हणून माझं पण. लांब सरळ केस असतील तर खालची टोकं घरी घेता येतात, मैत्रिणीला किंवा बहिणीला सांगायचं, केस ओले करून पाठीवर सरळ सोडायचे, मान सरळ, खाली वाकायचं नाही आणि एकाच आडव्या रेषेत अर्धा-पाऊण इंच. स्टेप, लेअर यात पडू नका आणि रात्री अकरा वाजता रील बघून पुढच्या बटा तर अजिबात कापू नका. माझ्या ऑफिसमध्ये दर पावसाळ्यात एकजण तरी हेअरबँड लावून येते, कारण विचारावं लागत नाही.

---

तिसरा_मजला

हेअरबँडवर खूप हसले 😂 ठरलं तर मग, बाबांचं बुधवारी तो मुलगा येऊन कात्रीने करेल, चामखीळ आणि वस्तरा नको हे कागदावर लिहूनच देते त्याला. नवरा आणि पोरगा माझ्याकडे. नवऱ्याला सांगितलंय की सुरुवात तुझ्यापासून, तो तयार आहे पण फोटो काढायचा नाही ही अट.

क्रॉफर्डला रविवारी जाऊ का? शनिवारी दोघांनाही हाफ डे आहे पण सासूबाई म्हणतात शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही.

---

कात्रीवाला

रविवारी तिकडे बरीच दुकानं बंद असतात, फेरी फुकट जाईल. शुक्रवारी ऑफिसवरून परस्पर जा, फक्त फार उशीर करू नका. घेताना दुकानातच प्लग लावून चालू करून बघा, आवाज एकसारखा आला पाहिजे, खडखड आली तर दुसरा पीस मागा. आणि बॉक्समध्ये 3 आणि 4 नंबरचे कंगवे आहेत का ते मोजून घ्या, सुटे नंतर मिळत नाहीत लवकर.